प्रवासात भेटलेली फळं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की फिरायला गेल्यावर कधीच न पाहिलेलं फळ समोर आलं तर तुम्ही काय करता, आणि त्यावर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत. माझं स्वतःचं सांगायचं तर कुठल्याही नवीन गावात उतरले की मी आधी फळबाजार शोधते, देवळं म्युझियम सगळं नंतर, त्यामुळे हे प्रश्न वाचताना मला फार म्हणजे फारच मजा आली.

प्रश्न: ताई, आम्ही जूनमध्ये थायलंड आणि मलेशियाला जातोय. मला ड्युरियन खायचाय पण नवरा म्हणतो ते फळ रूममध्ये आलं तर मी बाहेर झोपीन. मागे सिंगापूरला एका मॉलमध्ये पॅक केलेला गार तुकडा घेतला होता, एक घास पण गेला नाही, कांदा सडल्यासारखं वाटलं. परत ट्राय करू का? की माझ्या नशिबात नाही ते फळ?

उत्तर: नक्की करा, आणि जून म्हणजे तर तुम्ही अगदी बरोबर वेळ साधलीय. आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाचा इंग्लिश निसर्गशास्त्रज्ञ १८५४ ते १८६२ मलेशिया-इंडोनेशियाकडच्या बेटांवर फिरत होता, त्याचं अगदी तुमच्यासारखंच झालं होतं, मलाक्कात पहिल्यांदा घरात आणलेला ड्युरियन समोर आला तर वासामुळे त्याला तोंडात घालवेना, आणि पुढे बोर्निओत झाडाखाली पडलेलं पिकलेलं फळ मिळालं, ते त्याने तिथेच उघड्यावर बसून खाल्लं आणि तेव्हापासून तो त्याचा भक्तच झाला. मला यातलं "उघड्यावर" आणि "झाडाखाली" हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. बंद खोलीत, फ्रीजमधून काढलेला, प्लास्टिकमध्ये घुसमटलेला तुकडा म्हणजे ड्युरियन नव्हेच.

वासाबद्दल सांगते, तो गंधकाच्या संयुगांचा असतो, म्हणून कांद्याची आठवण येते, तुमचं नाक काही चुकलेलं नाही. २०१७ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी ड्युरियनचा पूर्ण जीनोम म्हणजे सगळ्या जीनचा आराखडा वाचला तेव्हा दिसलं की ही गंधकाची संयुगं तयार करणाऱ्या जीनच्या या फळात जास्तीच्या कॉप्या आहेत. आणि एक गंमत, दिसायला हे फळ फणसाचा भाऊ वाटतं पण फणसाशी याचं काही नातं नाही, हे भेंडी, जास्वंद, कापूस आणि कोकोच्या कुळातलं. नाव मलय भाषेतल्या दुरी म्हणजे काटा या शब्दावरून आलंय.

आता कुठे खायचा. थायलंडमध्ये फळ झाडावरून कापून उतरवतात आणि मग काही दिवस ठेवून पिकवतात, तिथल्या लोकांना गरा बाहेरून जरा घट्ट आणि आतून मऊ असा आवडतो, वास पण कमी. मलेशियात फळ पिकून आपणहून पडेपर्यंत थांबतात, बरेचदा रात्री पडतं आणि सकाळी गोळा करतात, त्यामुळे तिथला गरा अगदी लोण्यासारखा, वास जोरदार आणि चवीत कडवटपणाची एक छटा असते जी जाणकार मुद्दाम मागून घेतात. म्हणून तुम्ही आधी थायलंडमध्ये मोनथोंग जातीपासून सुरुवात करा, तो सौम्य गोड असतो, आणि मग मलेशियात मुसांग किंग किंवा डी२४. तिथे विक्रेता विचारेल मानिस की पाहित, म्हणजे गोड की कडू, पहिल्यांदा मानिसच सांगा.

फळ निवडायचं काम विक्रेत्यावर सोडा पण तो काय करतो ते बघत राहा, मला तर तो सोहळाच वाटतो. फळ उचलून कानाशी धरून हलवेल, आत बिया किंचित हलल्या की गरा सुटलाय, मग बुडाशी नाक लावेल, देठ ओला आहे का बघेल, आणि मग जाड सुरीचं टोक बुडाच्या शिवणीत घालून एक पीळ देईल की अख्खं फळ कर्रकन फाकतं आणि आत होडीसारख्या कप्प्यात पिवळेधमक गरे झोपलेले असतात. तिथेच स्टुलावर बसा, बोटांनी उचला. पहिल्या घासावर मत बनवू नका, पहिला घास नाक खातं, दुसरा जीभ खाते, तिसऱ्याला मात्र नाही आवडला तर नाही आवडला, जबरदस्ती नको.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिकडच्या बऱ्याच हॉटेलांत ड्युरियन न्यायला बंदी असते, सिंगापूरच्या मेट्रोत तर तशी पाटीच असते, तेव्हा रूमवर आणायचा विचारच करू नका. दारूसोबत खाऊ नका, जपानमध्ये २००९ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं होतं की शरीरात दारूचा निचरा करणाऱ्या एका एन्झाइमला ड्युरियनचा अर्क अडवतो. आणि पोट बघून खा, १०० ग्रॅम गऱ्यात साधारण १५० कॅलरी असतात, तीन गरे म्हणजे जेवणच झालं की.

प्रश्न: मँगोस्टीनला फळांची राणी म्हणतात म्हणून एक किलो घेतली, निम्मी दगडासारखी निघाली उघडेचनात, आणि काहींच्या आत पिवळा चीक होता. फसवलं का मला?

उत्तर: फसवलं असं नाही म्हणणार, पण निवडून घेऊ दिलं नाही एवढं नक्की. किलोने पिशवी भरून घ्यायचं फळच नाही हे, एकेक हातात घेऊन बघायचं. अंगठ्याने हलकं दाबलं तर साल किंचित आत जायला पाहिजे. दगडासारखी कडक साल म्हणजे फळ जुनं झालंय, किंवा कुठेतरी आपटलंय, कारण आपटलेल्या जागी या फळाची साल मऊ न पडता उलट कडक होते, म्हणून एकाच बाजूला कडक असलेलं पण घेऊ नका. वरची चार पानांची टोपी हिरवी आणि ताजी बघा, वाळून तपकिरी झालेली नको.

आणि उलटं करून बघायला विसरू नका! बुडाशी फुलासारखी एक छोटी नक्षी असते, तिच्या पाकळ्या मोजा, जितक्या पाकळ्या तितक्याच आत फोडी. सहा तर सहा, आठ तर आठ. जास्त पाकळ्यांचं फळ घ्या, कारण फोडी लहान असतात आणि बहुतेकींत बी नसतं, बी त्या एखाद दुसऱ्या मोठ्या फोडीत असतं. मला कोणीतरी बाजारात उभ्या उभ्या हे दाखवलं तेव्हा मी पाच सहा फळं मोजून फोडून बघितली होती, दर वेळी बरोब्बर.

उघडताना सुरी नको. दोन्ही तळव्यांत धरून मधोमध दाबायचं, जांभळी साल चिरते, मग वरची वाटी फिरवून उचलायची आणि खालच्या वाटीत पांढऱ्याशुभ्र फोडी. पिवळा चीक असेल तर तेवढी फोड सोडा, कडू लागते. कधी फोड पारदर्शक काचेसारखी आणि करकरीत दिसते, ती जास्त पावसाने तशी होते, खाल्ली तरी चालते पण चव फिकी. हा सालीचा जांभळा रस कपड्याला लागला तर निघत नाही, म्हणून काही हॉटेलांत ड्युरियनच्या शेजारी मँगोस्टीनची पण बंदीची पाटी असते. पांढरा कुडता घालून खायला बसू नका.

प्रश्न: ड्रॅगनफ्रूट फोटोत एवढं भारी दिसतं आणि चवीला पाणी. या सगळ्या फळांचं नुसतं कौतुकच जास्त असतं का हो?

उत्तर: नाही हो, असं म्हणू नका, माझा जीव तुटतो. तुम्ही खाल्लं ते बहुतेक हॉटेलच्या नाश्त्याला, पांढऱ्या गराचं, कापून तासभर ठेवलेलं असणार.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढच्या सगळ्या प्रवासात उपयोगी पडेल. काही फळं तोडल्यावरही पिकत राहतात, आंबा, पपई, ड्युरियन, मँगोस्टीन, लक्ष्मणफळ. आणि काही फळं तोडली त्या क्षणी जेवढी गोड तेवढीच, पुढे गोडी वाढत नाही, ड्रॅगनफ्रूट त्यातलं, रंबुतान, लीची, लोंगन आणि अननस पण त्यातलेच. आता लांब पाठवायचं म्हणून ड्रॅगनफ्रूट जरा आधी तोडलं की संपलं, रंग येतो पण साखर यायची राहते. म्हणून दुसऱ्या गटातली फळं शक्यतो ती पिकतात तिथेच खायची, बाहेरगावी पोचलेल्यावरून त्यांची परीक्षा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

ड्रॅगनफ्रूट मूळचं मध्य अमेरिकेकडचं निवडुंग, आता व्हिएतनाममध्ये प्रचंड होतं. लाल गराचं बरेचदा पांढऱ्यापेक्षा बरं लागतं, आणि कोलंबिया इक्वेडोरकडे गेलात तर पिवळ्या सालीचं मिळतं, ते खरं गोड, ते खाऊन मग मला सांगा. लाल खाल्लंत तर दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौचाला गुलाबी रंग दिसेल, घाबरायचं नाही, फळाचाच रंग असतो.

प्रश्न: सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे, डायलिसिस अजून नाही. ते आमच्याबरोबर बालीला येतायत आणि फळांचे फार शौकीन आहेत. काय द्यावं काय देऊ नये?

उत्तर: या प्रश्नाला मी सगळ्यात आधी उत्तर लिहिलं, छापताना क्रम बदलला एवढंच. स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, त्यांना अजिबात देऊ नका. एक फोड पण नको, ज्यूस पण नको, सजावटीला ग्लासावर लावलेली चांदणी पण नको. निरोगी माणसाला थोडं खाऊन सहसा काही होत नाही, पण किडनी कमजोर असेल तर त्यातलं एक विष शरीराबाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम करतं. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ते वेगळं काढून त्याला कॅरॅम्बॉक्सिन नाव दिलं. त्यात ऑक्झॅलेट पण भरपूर असतं, ते किडनीलाच त्रास देतं. सुरुवात न थांबणाऱ्या उचक्यांनी होते, मग उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं, फिट येणं, आणि माणसं दगावलेली पण आहेत. चुकून खाल्लं गेलं आणि उचक्या लागल्या तर वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

बाकी फळांचा प्रश्न पोटॅशियमचा असतो, ड्युरियन, केळं, फणस यात ते बरंच असतं, तेव्हा निघायच्या आधी त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांकडून किती चालेल ते लिहूनच घ्या. आणि कोलेस्टेरॉलच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पोमेलो म्हणजे पपनस आणि ग्रेपफ्रूटबद्दलही विचारा, काही गोळ्यांचं प्रमाण त्यामुळे रक्तात वाढतं. सासऱ्यांना वाईट वाटू देऊ नका, डॉक्टरांनी हो म्हटलं तर बालीतलं सलाक त्यांच्या हातात द्या, सापाच्या कातड्यासारखी साल असते, टोकाला चिमटीत धरून मोडलं की साल टरटर निघते, आतल्या तीन पाकळ्या करकरीत, जरा तुरट जरा गोड. सोलायची मजाच अर्धी चव आहे त्याची.

प्रश्न: आम्ही होमस्टेमध्येच राहतो. झाडावरची फळं स्वतः तोडून खायला काय हरकत आहे?

उत्तर: घरच्या माणसाला विचारून खाल्लीत तर काहीच हरकत नाही, न विचारता मात्र खाऊ नका, कारण काही फळं पिकेपर्यंत अक्षरशः विषारी असतात. जमैकाचं राष्ट्रीय फळ अ‍ॅकी घ्या. मूळचं पश्चिम आफ्रिकेचं, खारवलेल्या माशाबरोबर शिजवून खातात, पिवळा गर अंड्याच्या भुर्जीसारखा दिसतो आणि लागतो पण छान. पण ते झाडावर आपणहून उमलून तीन काळ्या बिया दिसेपर्यंत हात लावायचा नाही. कच्च्यात हायपोग्लायसिन नावाचं विष असतं, त्याने उलट्या होतात आणि रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. बिया तर पिकल्यावर पण विषारीच. लीची त्याच कुळातली, म्हणून कच्च्या लीच्या आणि त्या पण रिकाम्या पोटी भरपूर, असं मुलांना तरी कधीच खाऊ देऊ नका.

मॉन्स्टेरा, ती मोठ्या भोकाभोकाच्या पानांची वेल, तिचं कणसासारखं फळ पण खातात, पण कणसावरचे हिरवे खवले आपणहून गळून पडतात तेवढाच भाग. घाई केली तर घशात सुया टोचल्यासारखं होतं. काजूचं बोंड खुशाल चोखा, खालची बी मात्र दाताने फोडू नका, तिच्या टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात.

आणि खाली पडलेलं, कुरतडलेलं फळ कितीही पिकलेलं आणि वासाचं असलं तरी सोडून द्या. १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह विषाणूची पहिली साथ आली ती वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांतून माणसांत, आणि वटवाघळाने उष्टं केलेलं फळ हा त्या विषाणूचा एक रस्ता आहे. वटवाघळांचा राग मात्र करू नका, ड्युरियनच्या फुलांचं परागीकरण रात्री तीच करतात.

प्रश्न: गाडीवरची कापलेली फळं खाऊन दर ट्रिपला पोट बिघडतं. फळंच सोडू का?

उत्तर: फळं नको, कापलेली सोडा. साल असलेलं अख्खं फळ घ्या, ते बाटलीतल्या पाण्याने धुवा, सोलायचं असलं तरी धुवा, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. मग स्वतः सोला. एक छोटी घडीची सुरी आणि ओले टिश्यू एवढं मी नेहमी ठेवते, सुरी विमानात मात्र चेक-इनच्या बॅगेत. गाडीवर खायचंच असेल तर समोर कापून घ्या आणि फोडी कुठल्या बादलीत बुडवतायत का, बर्फावर पसरल्यात का ते बघा. अननस खाऊन जीभ चुरचुरते ते पोट बिघडणं नव्हे, त्यातल्या ब्रोमेलिन एन्झाइममुळे होतं, मीठ लावून खा म्हणजे कमी चुरचुरतं.

प्रश्न: येताना बॅगेतून थोडी फळं आणता येतील का?

उत्तर: मोह मलाही होतो, पण नका आणू. एका फळातली फळमाशीची अळी अख्ख्या बागा उद्ध्वस्त करू शकते, म्हणून हे नियम कडक असतात. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडला उतरताना तर विसरून राहिलेलं एक फळसुद्धा महागात पडतं, न्यूझीलंडमध्ये न सांगितल्याबद्दल जागेवर ४०० डॉलर दंड आहे. फॉर्मवर लिहा, नाहीतर उतरायच्या आधी संपवा. युरोपियन युनियनमध्ये २०१९ च्या डिसेंबरपासून फक्त पाच फळांना कीड-रोग नसल्याचं सर्टिफिकेट लागत नाही, केळं, नारळ, खजूर, अननस आणि चक्क ड्युरियन! विमान कंपनी तो चढू देईल का हा वेगळा प्रश्न.

आणि काही फळं आणून उपयोगच नसतो. ब्राझीलची जाबुतिकाबा खोडालाच चिकटून येते, काळ्या द्राक्षांसारखी, आणि तोडल्यावर तीन चार दिवसांत आंबायला लागते, म्हणून ती झाडाशी उभं राहूनच खावी लागते. एक दाबायची, साल फुटते, रस तोंडात, की पुढची.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा आहे, नवीन काही तोंडातच घालत नाही. त्याला ही फळं कशी खायला लावू?

उत्तर: खायला लावू नका, उघडायला लावा. रंबुतान द्या हातात, मलय भाषेत रंबुत म्हणजे केस, त्याला सांगा केसाळ बॉल आहे बघ आत काय लपलंय. केसांची टोकं मऊ आणि हिरवट असलेलं ताजं, काळी पडलेली नको. नखाने मधोमध चीर दिली की अर्धी साल टोपीसारखी निघते आणि आत पांढरा गोळा. धाकटं भावंड असेल, पाच वर्षांच्या आतलं, तर त्याला मात्र बी काढूनच द्या, असल्या गुळगुळीत बिया घशात अडकतात.

आणि कोकोच्या बागेत जायला मिळालं तर त्याला जरूर न्या. शेंग फोडली की आत पांढऱ्या, मऊ, ओल्या गराने गुंडाळलेल्या बिया रांगेत बसलेल्या असतात. त्या फक्त चोखायच्या, चावायच्या नाहीत, बी कडूजहर असते. गर आंबटगोड, लीचीच्या जवळ जाणारा. त्याने दोन तीन चोखल्या की मग सांगा की तुझ्या गालात आहे ना, त्या बीपासून चॉकलेट होतं.